किहीमचा इतिहास तेल अवीवला नेणारा दूत

ठाकुर्लीहून लोकलने निघाले की साधारण अर्ध्या तासात ठाणे येते. स्थानकाबाहेर पडून टेंभी नाक्याच्या दिशेने गेल्यास १८७९ मध्ये उभारलेले ‘शार हशामायीम’, म्हणजेच स्वर्गद्वार, हे सिनेगॉग लागते. येथे प्रार्थना हिब्रूत होते, पण प्रार्थना संपल्यावर अंगणात कानावर पडते ती मराठी. रेल्वे, टपालखाते, लष्कर आणि सरकारी कचेऱ्या हे बेने इस्रायल समाजाच्या चाकरीचे जुने आधार. रेल्वेमार्गाच्या कडेने ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात वसलेल्या या समाजातील क्वचितच एखादे घर असे सापडेल, की ज्याचे कोणी ना कोणी लोद, अश्दोद, बीरशेबा किंवा दिमोना येथे नाही.

इस्रायलबाहेरील ज्यूंशी तेथील लोकांचा संबंध राखण्यासाठी पाठवण्यात येणाऱ्या माणसाला हिब्रूत ‘शालियाख’ म्हणतात. पाठवलेला, एवढाच या शब्दाचा सरळ अर्थ. असे अनेक दूत भारतात येऊन गेले. कोणी निधी गोळा केला, कोणी स्थलांतराची कागदपत्रे तयार करून दिली, कोणी मुलांना हिब्रू शिकवले. इस्रायल हे राष्ट्र अस्तित्वात येण्यापूर्वी १२ वर्षे असाच एक विद्वान दूत भारतात आला होता. त्याचे नाव डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर. ज्या राजकीय कामासाठी त्यांना पाठवण्यात आले होते, त्यात त्यांना यश आले नाही. परंतु कोणीही न सोपवलेली जी दोन कामे त्यांनी केली, त्यांमुळे त्यांचे नाव कोकणातील एका छोट्या समाजाच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले.

लोककथांचा संग्राहक

ओल्सवांगर यांचा जन्म १८८८ चा, ग्रायेवो या गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. त्या साम्राज्यातील ज्यूंच्या वाट्याला वास्तव्य, शिक्षण आणि व्यवसाय यांवरील निर्बंध आणि अधूनमधून उसळणाऱ्या दंगली आल्या होत्या. ज्ञानाची ओढ असलेले अनेक तरुण सीमा ओलांडून जर्मनी किंवा स्वित्झर्लंडच्या विद्यापीठांत जात. ओल्सवांगर यांनीही हाच मार्ग धरला. कोनिग्सबर्ग येथे शिकत असतानाच ते झिओनवादी विद्यार्थी चळवळीत ओढले गेले. पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्यांनी ज्यूंच्या अंत्यसंस्कारांच्या चालीरीतींवर प्रबंध लिहिला. तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा विषय त्यांच्या पिंडाची ओळख करून देणारा आहे. धर्मग्रंथांतील शास्त्रार्थापेक्षा सामान्य माणूस प्रत्यक्षात काय करतो, काय बोलतो, दुःखाच्या प्रसंगी कोणते शब्द उच्चारतो, याकडे त्यांचे लक्ष असे. पूर्व युरोपातील ज्यूंची बोली असलेल्या यिडिशमधील लोककथा, विनोद आणि म्हणी त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्यांचा पहिला मोठा संग्रह १९२० मध्ये बाझल येथून निघाला. यिडिशला तेव्हा अनेक सुशिक्षित ज्यू अशुद्ध बोली म्हणून नाक मुरडत. ओल्सवांगर यांनी कथा सांगणाऱ्याच्या तोंडची भाषा जशीच्या तशी छापली. ती हिब्रू लिपी न येणाऱ्यांनाही वाचता यावी म्हणून त्यांनी रोमन लिपी वापरली. दुसऱ्या महायुद्धात ही बोली बोलणारी गावेच्या गावे नष्ट झाली. त्यानंतर १९४७ आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्क येथून निघालेल्या त्यांच्या आणखी दोन संग्रहांना त्यामुळे वेगळेच मोल आले. हरवलेल्या माणसांचा आवाज त्या पानांत उरला होता.

चरितार्थासाठी आणि निष्ठेनेही त्यांनी पत्करले ते चळवळीचे काम. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या वसाहती उभारण्यासाठी जगभरातून निधी गोळा करणारी ‘केरेन हायेसोद’ ही संस्था १९२० मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. तिच्यासाठी ओल्सवांगर देशोदेशी फिरले. दक्षिण आफ्रिकेतही त्यांनी काम केले. तेथील ज्यू बहुतांशी लिथुआनियातून आलेले, यिडिश बोलणारे. केपटाउनमध्येही १९२१ मध्ये त्यांचे लोककथांवरील एक पुस्तक निघाले. दिवसा सभा व वर्गणी आणि रात्री लोककथांची टिपणे, असा हा दुहेरी संसार होता. अखेर १९३३ मध्ये ते जेरुसलेमला स्थायिक झाले. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता.

१९३६ ची भारतयात्रा

पॅलेस्टाइनमध्ये एप्रिल १९३६ मध्ये अरबांचे बंड सुरू झाले. ब्रिटिश सत्तेविरुद्ध आणि वाढत्या ज्यू स्थलांतराविरुद्ध उठलेल्या या बंडाला भारतातील राष्ट्रीय चळवळीची सहानुभूती मिळणे स्वाभाविक होते. आशियातील सर्वांत मोठ्या स्वातंत्र्य चळवळीने आपली बाजू निदान ऐकून तरी घ्यावी, असे ज्यू एजन्सीच्या राजकीय विभागाचे प्रमुख मोशे शेर्तोक यांना वाटू लागले. हेच शेर्तोक पुढे शारेट या नावाने इस्रायलचे पंतप्रधान झाले. भारतात पाठवायचा माणूस केवळ राजकारणी असून चालणार नव्हते. संस्कृतची जाण असलेले ओल्सवांगर त्यासाठी योग्य वाटले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचे जुने सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्याकडेही शेर्तोक यांनी शब्द टाकला होता.

ओल्सवांगर भारतात आले तेव्हा परिस्थिती अनुकूल नव्हती. काँग्रेसने त्याच सप्टेंबरमध्ये देशभर पॅलेस्टाइन दिन पाळला. ओल्सवांगर यांनी जवाहरलाल नेहरूंची भेट घेतली आणि त्यांच्यात पत्रव्यवहारही झाला. युरोपात छळ सोसणाऱ्या ज्यूंबद्दल नेहरूंना पूर्ण सहानुभूती होती. पॅलेस्टाइनच्या प्रश्नात मात्र ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या अरबांची बाजू त्यांना न्याय्य वाटत होती. साम्राज्याच्या आश्रयाने ज्यूंचे राष्ट्र उभे राहावे, ही कल्पना त्यांना पटण्यासारखी नव्हती. गांधीजींशी झालेल्या भेटीतूनही ओल्सवांगर यांच्या हाती काही लागले नाही. पुढच्या वर्षी कॅलनबाख स्वतः आले आणि तिथल येथे गांधीजींच्या सहवासात राहिले. तरीही गांधीजींची भूमिका बदलली नाही. २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त केली, पण पॅलेस्टाइन अरबांचे आहे असेच मत मांडले. सोपवलेल्या कामाच्या मोजपट्टीने पाहिले तर ओल्सवांगर यांची मोहीम अयशस्वी ठरली.

भारतातील ज्यूंशी संबंध जोडणे ही या यात्रेची दुसरी बाजू होती. मुंबईत १९२० मध्ये झिओनवादी संघटना स्थापन झाली होती. युरोपातून येणारे प्रतिनिधी प्रामुख्याने देणग्यांसाठी येत. त्यांची पावले साहजिकच ससूनसारख्या बगदादी व्यापारी घराण्यांच्या वर्तुळाकडे वळत. ही घराणी श्रीमंत होती, इंग्रजीत वावरणारी होती आणि त्यांचे व्यवहार लंडन-शांघायपर्यंत पसरलेले होते. संख्येने त्यांच्याहून कितीतरी अधिक असलेले बेने इस्रायल मात्र कारकून, सुतार, सैनिक, शिक्षक आणि परिचारिका होते. निधीच्या दृष्टीने ते महत्त्वाचे नव्हते.

शनवार तेल्यांचा समाज

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणच्या गावागावांत पसरले आणि तेलाच्या घाण्यांवर राबू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत. म्हणून शेजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या आडनावांतून गावे कळतात. दिवे, राजपुरी, किहीम या गावांवरून दिवेकर, राजपुरकर, केहिमकर ही आडनावे आली. धर्मग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती; पण सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून होती. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करण्याची त्यांची प्रथा आजही चालू आहे.

इतका काळ एकटे राहिलेल्या या समाजाच्या ज्यूपणाविषयी बाहेरच्या ज्यूंनी शंका घ्यावी, हे त्याचे जुने दुःख होते. बगदादी ज्यूंनी १८३६ मध्येच मुंबईतील दफनभूमीत आपल्यासाठी स्वतंत्र भिंत घालून मिळावी, अशी मागणी सरकारकडे केली होती. मृत्यूनंतरही एकत्र नको, इतका हा दुरावा होता.

या शंकेला उत्तर देण्याचे काम हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी अंगावर घेतले. अलिबाग परिसरातले, १८३० मध्ये जन्मलेले केहिमकर सरकारी नोकर होते. समाजात शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी भावांच्या साथीने १८५३ पासून धडपड केली. मुंबईत १८७५ मध्ये सुरू झालेली इस्रायली शाळा हे त्या धडपडीचे मोठे फळ. हीच शाळा पुढे सर एली कदुरी शाळा म्हणून नावारूपास आली. केहिमकर यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिण्यास घेतला. गलबत फुटल्याची कथा, गावे, आडनावे, लग्नाचे विधी, उपवास, सिनेगॉगांची स्थापना, ब्रिटिश फौजेतील बेने इस्रायल अधिकारी, बगदादी आणि कोचीनच्या ज्यूंशी असलेले संबंध, असे सारे त्यात होते. १८९७ मध्ये हा ग्रंथ लिहून पूर्ण झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाझल येथे पहिली झिओनवादी परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्रायलांनाही तिचे निमंत्रण आले होते. त्यांनी ते नम्रपणे नाकारले. पवित्र भूमीकडे परत जाणे घडेल ते ईश्वराच्या इच्छेने, माणसांच्या ठरावाने नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकर निवर्तले तेव्हा त्यांचा ग्रंथ हस्तलिखित स्वरूपातच होता.

न सोपवलेले पहिले काम

हा ग्रंथ छापून निघाला तो ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. त्यांच्या भारतयात्रेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. लेखकाने शेवटची ओळ लिहिल्याला ४० वर्षे उलटली होती.

या घटनेचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. दूत येतो तो सामान्यतः काहीतरी देण्यासाठी किंवा मागण्यासाठी. आपल्या देशाची माहिती, आपल्या चळवळीचा संदेश, आपल्या भाषेचे धडे तो बरोबर आणतो आणि जाताना वर्गणी किंवा माणसे घेऊन जातो. ओल्सवांगर यांनी परत जाताना या समाजाची स्वतःची, त्याच्यातीलच एका माणसाने लिहिलेली हकिगत नेली आणि ती ज्यूंच्या नव्या शहरात छापली. बेने इस्रायल कोण आहेत, हे तोपर्यंत मिशनरी, प्रवासी आणि सरकारी गॅझेटिअर सांगत आले होते. आता ते त्यांनी स्वतः सांगितले होते. अशिक्षित मानल्या गेलेल्या यिडिश बोलीतील गोष्टी जतन करणाऱ्या माणसाला तेलाचा घाणा आणि मलिदा यांची नोंद मोलाची वाटावी, हे त्याच्या आयुष्याला धरूनच होते.

न सोपवलेले दुसरे काम

दुसरे काम उलट दिशेचे होते. ओल्सवांगर यांना भाषांचा व्यासंग होता. दान्तेचे ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे महाकाव्य त्यांनी हिब्रूत आणले. शतकानुशतके केवळ प्रार्थनेची आणि ग्रंथांची राहिलेली हिब्रू तेव्हा नुकतीच बाजारात, शाळेत आणि स्वयंपाकघरात बोलली जाऊ लागली होती. अशा भाषेला जगातील मोठे ग्रंथ हवे असतात. त्यांनी संस्कृतमधून भगवद्गीतेचा हिब्रू अनुवाद केला आणि तो १९५६ मध्ये जेरुसलेमच्या बियालिक संस्थेने प्रसिद्ध केला.

गीता लोकांच्या भाषेत आणण्याचे मोल महाराष्ट्राला ज्ञानेश्वरांपासून माहीत आहे. बेने इस्रायलांनीही असेच काम आपल्या परीने केले होते. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ त्यांनी १८४६ मध्येच मुंबईत मराठी अनुवादासह छापला होता. जोसेफ इझेकिएल राजपुरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रंगली. ओल्सवांगर यांच्या अनुवादाने ही वाट दुहेरी झाली. हिब्रूतून मराठीत येणारा ओघ होताच, आता भारताचा एक ग्रंथ हिब्रूत पोहोचला.

त्या वेळी दोन्ही देशांतील औपचारिक संबंध अगदीच अपुरे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. १९५३ मध्ये मुंबईत इस्रायलचे वाणिज्य दूतावास कार्यालय सुरू झाले, परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडावे लागले. मधली चार दशके सरकारे एकमेकांपासून अंतर राखून होती. ते अंतर पार केले ते स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी, त्यांच्या पत्रांनी आणि अशा काही पुस्तकांनी.

वाचले न गेलेले पुस्तक

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येने इस्रायलला जाऊ लागले. भारतात कोणी छळ केला म्हणून ते गेले नाहीत. या भूमीत त्यांना कधीच ज्यूद्वेष सोसावा लागला नव्हता. धर्मभावना, नव्या राष्ट्राची ओढ आणि नोकऱ्यांची चिंता अशी अनेक कारणे त्यामागे होती. तेथे गेल्यावर मात्र अनेकांना वाळवंटी गावे, हलकी कामे आणि रंगावरून होणारी हेटाळणी वाट्याला आली. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी परत भारतात पाठवा, अशी मागणी करत ठिय्या दिला. त्यांना परत पाठवण्यात आले. त्यांतील अनेक जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

ओल्सवांगर यांचे १९६१ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी इस्रायलच्या प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह करण्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. परंतु १९६२ च्या सुरुवातीला निघालेल्या सूचनांनी या समाजातील वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितले. १८३६ मधील भिंतीचीच ही नवी आवृत्ती होती. अलिबागच्या किनाऱ्यावर शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या घराण्यांतील मुलामुलींना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करण्यासाठी कागद मागितले जाऊ लागले. समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने खास बैठक घेऊन बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने आपल्या सूचनांतून या समाजाचे नाव वगळले.

केहिमकरांचा ग्रंथ त्यापूर्वी २७ वर्षे तेल अवीवमध्ये छापलेला होता. तो पुरेसा वाचला गेला असता तर हा संघर्ष टळला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. धर्मशास्त्राचे निर्णय एका पुस्तकाने बदलत नाहीत. तरीही येणाऱ्या माणसांना आपल्यात सामावून घेण्यापूर्वी त्यांची हकिगत ऐकून घेणे किती आवश्यक असते, हे ओल्सवांगर यांना ज्या वर्षी समजले होते, त्यानंतर पाव शतकाने ते इतरांना समजले, एवढे नक्की म्हणता येईल.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत. भारतात ही संख्या चार-पाच हजारांच्या आसपास उरली असून त्यांतील बहुतेक मुंबई आणि ठाणे परिसरात राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये मराठीतून ‘मायबोली’ हे नियतकालिक निघाले आणि तेथील घरांतही मलिद्याचे ताट मांडले जाते. संपर्काची साधने बदलली. पत्रांची जागा दूरध्वनीने घेतली आणि दूरध्वनीची जागा पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांनी.

या साऱ्या प्रवासात ओल्सवांगर यांचे नाव फारसे कोणाच्या स्मरणात नाही. नेत्यांची मने वळवण्यासाठी आलेला हा दूत त्या कामात हरला. परंतु किहीमच्या एका सरकारी नोकराने रात्री जागून लिहिलेली पाने त्याने समुद्रापार नेऊन छापली आणि कुरुक्षेत्रावरील संवाद हिब्रूत नेऊन ठेवला. एका समाजाला दुसऱ्याशी जोडण्याचे काम करणाऱ्यांनी आधी ऐकायला शिकावे, हाच त्यांच्या आयुष्याचा धडा आहे.